जव्हारचा चुकवलेला मुक्काम

दिवाळीच्या सुट्टीत समुद्र दाखव, असं लेकीने फर्मान काढलं आणि नवऱ्याने ते लगेच मंजूरही करून टाकलं. समुद्र कुठला, किती दिवस, रात्री राहायचं कुठं, ही हमाली अर्थातच माझ्याकडे आली. याद्या करायच्या तर मीच, आमच्या घरात हे काम बिनविरोध माझं आहे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलापाशी फोनमधला नकाशा उघडून बसले आणि दहा मिनिटांत ठरवलं की अलिबागच्या बाजूला जायचं. कसारा घाट उतरावा लागेल, भिवंडीपाशी ट्रकांच्या रांगेत अडकावं लागेल, पण चालेल. नाशिकहून समुद्राला जायचा जवळचा रस्ता हरसूल, जव्हार करत केळव्याला उतरतो. तो रस्ता मी सात वर्षांत धरलेला नाही.

नकाशाला हे कोण सांगणार. समुद्र म्हटलं की तो आधी तोच रस्ता निळा करून दाखवतो. मी बोटाने बाजूला सारते आणि तो परत येतो. त्या निळ्या रेषेवर हरसूलच्या थोडं पुढे, घाट लागायच्या आधी, उजव्या हाताला मोहाचं झाड आहे. नकाशात ते दिसत नाही. मला दिसतं.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. आयुष्यभर पाळ्या केल्या, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते पाळीत मोजायचे. निवृत्त होताना त्यांनी तिथली एक कोरी लॉगबुक घरी आणली. मशीनची नोंद ठेवायची ती लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. तिच्यात छापील रकाने होते: पाळी, काम, सुरू, बंद, आणि शेवटी ‘बंद राहिल्याचे कारण’. ही वही त्यांनी सहलींना लावली. नाशिक ते जव्हार पहिली पाळी, जेवण, आराम. जव्हार ते केळवे दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी. ठरलेला मुक्काम बदलला की शेवटच्या रकान्यात कारण लिहायचंच. ‘पाऊस.’ ‘टायर.’ ‘हिच्या बहिणीचा आग्रह.’ कारण न लिहिता मशीन बंद ठेवणारा माणूस त्यांच्या दृष्टीने कामचुकार होता.

दीडशे किलोमीटरला वाटेत मुक्काम कोण करतं, म्हणून सगळे त्यांना हसायचे. मीही हसायचे. पण सात वर्षांपूर्वीच्या त्या सहलीत हसण्यासारखं काही नव्हतं. आदल्याच वर्षी त्यांच्या हृदयाच्या नळ्यांत दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की सलग गाडी चालवायची नाही. मला तेव्हा गाडी येत नव्हती. आईला तर अजूनही येत नाही. म्हणून जाताना जव्हारला मुक्काम, येताना जव्हारला मुक्काम, आई, बाबा आणि मी, माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, आणि दोन्ही वेळा एकाच बाईंकडे, असं ठरलं. त्या घरातच दोन खोल्या पाहुण्यांना देत, आणि किती माणसं येणार हे सांगितल्याशिवाय चूल पेटवत नसत. माणसं मोजून तांदूळ धुवायच्या.

परतीच्या दिवशी, केळव्याच्या किनाऱ्यावर, मी खोटं बोलले.

माझी नवी नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी सोमवार, सकाळी साडेनऊला पहिली मीटिंग. पहाटे जव्हारहून निघालो तर वेळेत पोचलो असतो, बाबांनी तसं वहीत मांडूनही ठेवलं होतं. पण मला घरी जायचं होतं. मला माझ्या बाथरूममध्ये केस धुवायचे होते, कपड्यांना इस्त्री करायची होती. एवढंच होतं, याहून मोठं काही नव्हतं. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते. मी बाबांना म्हटलं, “जव्हारच्या मावशींचा फोन आला होता. दुसरे पाहुणे आलेत, खोली नाही म्हणाल्या.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पायाची वाळू झटकली. “बरं,” म्हणाले, “मग घरी जाऊ.”

विक्रमगडला आम्ही चहाला थांबलो. मी आणि आई बाकावर वडापाव खात होतो. बाबा फोन कानाला लावून टपरीच्या मागच्या बाजूला गेले. कारखान्यातला कुणी जुना मित्र असेल असं मला वाटलं. परत आले, वही गाडीच्या बॉनेटवर ठेवून काहीतरी लिहिलं, पेन खिशाला लावलं. जव्हार आलं आणि गेलं. घाट चढून झाला, हरसूल जवळ आलं. मोहाच्या झाडाखाली त्यांनी गाडी बाजूला घेतली, पाणी मागितलं आणि म्हणाले, “पाच मिनिटं डोळे मिटतो.” मी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं गेली तरी सहाच्या आत पोचतो, असा हिशेब केला. बाबा उठलेच नाहीत.

तेव्हापासून आई एकच गोष्ट सांगत आली आहे. भेटायला आलेल्यांना, वर्षश्राद्धाला जमलेल्यांना, भाजीवालीलासुद्धा. “त्या जव्हारच्या बाईने सांगितलेली खोली ऐन वेळी दुसऱ्याला दिली. दिली नसती तर आमचा माणूस आज असता.” ती त्या बाईंना तळतळाट देते. मी शेजारी बसून ऐकते, चहाचे कप गोळा करते, आत जाऊन नळ सोडते. सुरुवातीला वाटायचं, आज सांगू. मग वाटायला लागलं, आता सांगून काय. पुढे तर बाईंवरचा तो आळच खऱ्यापेक्षा जास्त खरा झाला, आणि मला त्याच्या आडोशाला राहायची सवय झाली.

रविवारी सकाळी आई सातपूरहून आली. हातात कापडी पिशवी होती. माझी यादी तिने चष्मा लावून वाचली. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, दोन दोन तासांवर थांबे, प्रत्येक थांब्यापाशी दवाखाना किती लांब तेही लिहिलेलं.

“एवढं लांब कशाला?” ती म्हणाली. “केळव्याला जाऊ. पहिला मुक्काम जव्हार.”

मी रस्ता खराब असल्याचं सांगितलं. काम चालू आहे, खड्डे आहेत, लेकीला घाटात उलट्या होतात. एका खोट्याला पुढची तीन तयारच होती.

“त्या बाईकडेच राहायचं,” आई म्हणाली. “मी आता किती दिवसांची? मला तिला समोर बसवून एकदा इचारायचंय. का केलं म्हणून.”

“तिचा नंबर कुठेय आपल्याकडे?” मी म्हटलं.

आईने पिशवीतून वही काढली. मी ती सात वर्षांत पाहिली नव्हती. मी मागितली नव्हती आणि तिने दाखवली नव्हती. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बाबांच्या ठसठशीत अक्षरात जव्हारचा नंबर होता. ती आत्ताच फोन लावणार, हे मला कळलं. मी म्हटलं, नंतर करू, आज रविवार आहे, त्या कामात असतील. तिने ऐकलं नाही. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो. घंटी वाजायला लागली. नंबर बदलला असू दे, असं मी मनात म्हणत होते.

“हॅलो, कोण?”

आवाज तोच होता. आई म्हणाली, “नाशिकवरून बोलते. सात वर्षांआधी आम्ही तुमच्याकडे उतरलो होतो. मी, माझे मालक आणि मुलगी.”

“सातपूरचे काका?” बाई म्हणाल्या. “त्यांनी आमच्या मागल्या दाराची कडी बसवून दिली ना? आजून तीच हाय. पुन्हा आलेच नाय तुम्ही.”

आईचा चेहरा ताठ झाला. “आम्ही येणारच होतो. तुम्ही खोली दुसऱ्याला दिली.”

 पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मी उठून उभी राहिले, पण जाणार कुठं?

“नाय हो ताई,” बाई म्हणाल्या. “खोली तुमच्यासाठीच झाडून ठेवली व्हती. त्या दिशी काकांचा फोन आला दुपारी. इचारलं, खोली हाय का? मी म्हटलं, हाय ना, तिघांचा भात पन टाकलाय, या. तर म्हनले, नको, यायचं नाय जमत. लेकीला सकाळी नव्या कामावर जायचंय, तिचं मन घरी लागलंय, तिला बोलवत नाय. तुमचा भात वाया गेला, माफी करा, पुढल्या टायमाला नक्की येतो. माफी मागितली त्यांनी माझी. भाताची कोन माफी मागतं? म्हनून ध्यानात राहिलं.” मग त्यांनी विचारलं, “कसे हायेत काका?”

आई माझ्याकडे पाहत होती. तिची नजर मी अजून लिहू शकत नाही.

“ते नाय राहिले,” ती फोनमध्ये म्हणाली. “त्याच दिवशी गेले. वाटेत.”

बाई रडायला लागल्या. त्यांचं नाव सात वर्षं आमच्या घरात शिवीसारखं घेतलं गेलं आणि त्या बाबांसाठी रडत होत्या. आईने त्यांना शांत होऊ दिलं. मग तिने दिवाळीनंतरचा शनिवार सांगितला. “आम्ही चौघं येतोय. दुपारचा भात टाका.” आणि फोन ठेवला.

म्हणजे बाबांना माहीत होतं. टपरीच्या मागे उभं राहून त्यांना कळलं होतं की खोली आहे, भात शिजतो आहे, आणि आपली मुलगी खोटं बोलली आहे. ते परत आले, मला काही बोलले नाहीत, स्टिअरिंगवर बसले. माझ्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ठरलेल्या पाळीच्या पुढे मशीन चालवलं. सात वर्षं मी समजत होते की मी त्यांना फसवलं. ते जास्त सोपं होतं.

आईने वहीचं शेवटचं भरलेलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. ‘केळवे ते जव्हार. मुक्काम रद्द.’ शेवटचा, कारणाचा रकाना रिकामा होता.

“मला वाटायचं, गडबडीत राहिलं,” ती म्हणाली. “त्यांनी वहीत खोटं लिहिलं नाय. आणि तुझं नावही लिहिलं नाय.”

“आई, मी...”

“तू तेव्हा खोटं बोललीस, ते मी समजून घेईन. पोरीच्या जातीला घरची ओढ असते. पण सात वर्षं मी त्या बाईला शिव्या घातल्या आणि तू शेजारी बसून ऐकलंस.” तिचा आवाज चढला नव्हता. “त्यांनी तुझं झाकलं. मी नाय झाकायची.”

तिने पिशवीत हात घालून पेन काढलं. बाबांच्या खिशातलं तेच असावं, मला विचारायची छाती झाली नाही. “कारण लिही.”

मी लिहिलं. रकाना एका शब्दापुरता आहे, पाऊस किंवा टायर बसेल एवढा. माझं वाक्य त्यात मावलं नाही, ते रेघ ओलांडून समासात गेलं. आईने ओठ हलवत पूर्ण वाचलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही, मीही अपेक्षा केली नव्हती. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचा मला हक्क नाही असंही वाटत होतं.

मग तिने पान उलटलं आणि म्हणाली, “आता पुढचं मांड.”

अलिबागची यादी मी बाजूला सारली. पाळी पहिली, नाशिक ते जव्हार. मोहाच्या झाडापाशी पाच मिनिटं, हे आईने सांगितलं म्हणून लिहिलं. काम या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं तर ती म्हणाली, “बाईंसमोर जेवायला बसायच्या आधी तू त्यांना सगळं सांगायचं. तुझ्या तोंडाने. मग ताटाला हात लावायचा.” मी तेही लिहिलं. गाडी मीच चालवणार आहे. आजवर शेकडो याद्या केल्या, पण पोचायची एवढी भीती कुठल्याच ठिकाणाची वाटली नव्हती. आणि हा मुक्काम रद्द करायला माझ्याकडे लिहिण्यासारखं एकही कारण उरलेलं नाही.