टोपीमागचं धुराडं

आधी धुकं. ओरिवेसी सरोवरावर ऑक्टोबरातलं धुकं जाड पडद्यासारखं लोंबतं आणि उचलतं तेव्हा खालून, हातभर हातभर. त्या फटीतून आधी काळं पाणी दिसतं, मग डांबर फासलेली होडी, मग वर-खाली होणारी दोन वल्ही. वल्ह्यांवर एक बाई आहे. डोक्याला लोकरीचा रुमाल, हातांत ओले मोजे, पाठ जायच्या दिशेला. तिच्यासमोर, होडीच्या मागच्या टोकाला, एक पुरुष. हातात होडी वळवायचं आखूड वल्हं, डोक्यावर कोकराच्या कातड्याची टोपी. तो पुढं बघतो, ती मागं. म्हणजे तो सरोवर बघतो, आणि ती त्याला.

बाईचं नाव साइमी. पुरुष तिचा नवरा विल्हो.

"मालकीण, डावं वल्हं झोपलंय का?"

"डावं वल्हं पहाटे गाईची धार काढून आलंय, मालक. उजवं तुझ्यासारखं आत्ता उठलं."

विल्हो मिशीतल्या मिशीत हसतो. दिवसाचं हसणं तिथं संपतं. थोड्या वेळानं तो उजवा पंजा आडवा धरून खाली दाबतो, एखाद्या लेकराला निजवावं तसा. साइमी वल्ही उचलते. होडी थांबते. जाळं पाण्यात सरसर उतरू लागतं.

बत्तीस वर्षं हा प्रवेश असाच झाला.

साइमी एकोणीस वर्षांची असताना लग्न होऊन हिएतानिएमीला आली, ती आतल्या रानातल्या गावाहून. तिथं विहिरीपलीकडं पाणी नव्हतं. सासूनं पहिल्याच दिवशी तिला होडीत बसवलं आणि सांगितलं, "वल्हवणारीनं मालकाच्या तोंडाकडं बघावं, पाण्याकडं नाही. पाणी त्याचं काम." साइमीनं ते ऐकलं. मे महिन्यात बर्फ फुटलं की काठच्या गवतात पाइक मासे धरायचे. जूनमध्ये पांढरा मोहर आला की चपटे ब्रीम. उन्हाळ्यात पर्च. आणि हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून, लांब काठीनं एका भोकातून दुसऱ्या भोकाकडं दोर सरकवून जाळं लावायचं. तिथंही एका भोकाशी तो, दुसऱ्या भोकाशी ती, समोरासमोर. सरोवर कुठं खोल आणि कुठं उथळ, हे ती त्याच्या भुवईवरून ओळखायची.

पण घर चालायचं ते ऑक्टोबरावर. मुइक्कू ही बोटाएवढी चंदेरी मासळी तेव्हा अंडी घालायला उथळ गोट्यांवर येते. सरोवराच्या मध्यावर, जिथं कुणाला उथळ असेल असं वाटणारही नाही, तिथं पाण्याखाली एक उंचवटा होता. घरात त्याला आजोबांचा दगड म्हणत. तो कुठं आहे हे एका वेळी दोघांनाच ठाऊक असायचं, बापाला आणि मुलाला. शेजारच्या कालेर्वोनं किती वर्षं लांबून होडी रेंगाळत ठेवली, पण विल्हो त्याला भलतीकडं फिरवून आणायचा.

विल्होनं आपल्या मुलाला ती खूण दाखवली. पाउली एकुलता एक होता. युद्धावर जायच्या आधीच्या रविवारी बापलेक दोघंच होडीतून गेले. साइमी काठावर उभी राहिली. पाउली पुढच्या मार्चमध्ये परत आला तो पेटीतून. त्यानंतर विल्हो खुणेविषयी कधी बोलला नाही. तसा तो कशाविषयीच फार बोलत नसे. त्याची बहीण हिल्मा, खाडीपलीकडं राहणारी विधवा, म्हणायची, "आमचा विल्हो दिवसाला चार शब्द बोलतो. त्यातले दोन कुत्र्याला."

ते चारही शब्द गेले, एका जुलैच्या सकाळी. जाळी वाळत घालता घालता विल्हो खाली बसला आणि उठलाच नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाला, दुसरा झटका आला तर आवरणार नाही. साइमीनं त्याची खुर्ची खिडकीशी नेली, पाणी दिसेल अशी.

ऑगस्टभर तो नुसता बसला. सप्टेंबर लागला, बर्चची पानं पिवळी पडली, आणि त्याचं चमच्यानं टेबल बडवणं सुरू झालं. डाव्या हातानं सांडलेल्या कॉफीत तो रेघा ओढायचा. एक आडवी, तिच्यावर एक खाच, खाचेत एक टिंब. मग साइमीकडं बघायचा. पुसायचा, पुन्हा ओढायचा.

हिल्मा वाकून बघायची. "गाय आहे का रे?"

विल्हो चमचा आपटायचा.

"मग बैल असेल. चिडू नकोस, तुला पहिल्यापासून चित्रकला नव्हती."

साइमीला तिसऱ्या दिवशी उमगलं. तो आजोबांच्या दगडाची खूण काढत होता. कुठल्यातरी बेटाच्या खाचेत काहीतरी दिसतं, तिथं थांबायचं. पण ते चित्र तिला वाचता येईना, कारण तो देखावा तिनं आयुष्यात पाहिलाच नव्हता. बत्तीस वर्षं तो तिच्या पाठीमागं होता.

आणि तरीही तिला जागा ठाऊक होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती चोरून बघायची नाही, तिला दिसायचं. घरून सरळ निघालं की सौनाचं, काठावरच्या वाफेच्या न्हाणीघराचं, धुराडं विल्होच्या टोपीमागं झाकलेलं असे. वाटेतलं बेट ओलांडलं की तो होडी किंचित वळवी, आणि धुराडं सरकत सरकत टोपीबाहेर येई, नेमकं त्याच्या डाव्या कानाशी. त्याच वेळी वीज पडून दुभंगलेला काठावरचा पाइन वृक्ष धान्याच्या कोठीच्या छपराला टेके. दोन्ही जुळली की पुढच्या श्वासाला विल्होचा पंजा खाली यायचा. पहिली काही वर्षं तिनं वाट बघितली पंज्याची. नंतर तो यायच्या आधीच तिचे हात थांबू लागले, आणि त्याला कळू नये म्हणून ती मुद्दाम एक वल्हं जास्त मारायची.

"विल्हो," ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली, "मला ठाऊक आहे रे ती जागा."

त्यानं तिच्याकडं बघितलं आणि हळूच नकाराची मान हलवली. आजाऱ्याची समजूत घालतेस होय, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मग त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. पाउलीच्या वेळीसुद्धा तिनं ते पाहिलं नव्हतं.

"त्याला वाटतंय, दगड त्याच्याबरोबर बुडणार," साइमी हिल्माला म्हणाली.

"मग आण मासळी नि टाक पुढ्यात."

"आणली तर त्याला कळेल, मला इतकी वर्षं ठाऊक होतं. त्याच्या बापानं त्याला दिलेली एकच गोष्ट होती, हिल्मा. ती मी वल्हवता वल्हवता घेतली."

हिल्मानं कप खाली ठेवला. "पुरुषाची लाज आणि पुरुषाचं रडणं, यांतलं तुला काय बघवतं ते तू ठरव," ती म्हणाली. "मला दोन्ही बघायला मिळालं नाही. माझा तर दोन्ही करायच्या आधीच गेला."

ऑक्टोबराच्या तिसऱ्या आठवड्यात हिल्मा विल्होपाशी थांबली आणि साइमी एकटी निघाली. धुकं उचललं. समोरचं आसन रिकामं होतं. तिनं घराकडं बघत वल्ही मारली आणि बेट ओलांडल्यावर वल्ही उचलून धरली. किनारा सगळा उघडा पडला होता. कोठी, पाइन, धुराडं, सगळं दिसत होतं, पण मधे टोपी नव्हती, त्यामुळं धुराडं कुठून बाहेर यायचं तेच कळेना. तिची खूण अर्धी किनाऱ्यावर होती आणि अर्धी नवऱ्याच्या डोक्यावर. तिनं इकडं दोराला बांधलेला गोटा सोडून पाहिला, तिकडं सोडून पाहिला. दोर खाली जातच राहिला. दुपारी ती कोरड्या जाळ्यानिशी परतली. विल्होनं जाळ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं खुंटीवरची टोपी घेतली. मागच्या आसनाच्या फटीत त्याचं आखूड वल्हं उभं रोवलं, त्याच्या डोक्याइतकं उंच, आणि वर टोपी घातली. वाऱ्यानं ती जरा कलली. तो बसायचा तशीच.

"डावं वल्हं झोपलेलं नाही," साइमी टोपीला म्हणाली, आणि वल्हवू लागली.

धुराडं टोपीमागून सरकलं. बाहेर आलं. पाइन छपराला टेकला. या वेळी तिनं जास्तीचं वल्हं मारलं नाही.

तिसऱ्या दिवशी जाळं उचललं तेव्हा ते इतकं जड होतं की दोनदा बसून दम घ्यावा लागला. तिनं एक टोपली थेट विल्होच्या मांडीवर ठेवली. तिच्याकडं न बघता त्यानं एक मासा उचलला आणि अंगठा त्याच्या कुशीवरून फिरवला. अंडी घालायच्या जागेवर आधी नर गोळा होतात आणि त्यांच्या खवल्यांवर तेव्हा बारीक दाणे येतात, मोत्यांसारखे, बोटाला खरखरीत. अंगठा थांबला. मागं आला, पुन्हा फिरला. मग त्यानं वर बघितलं.

"धुराडं तुझ्या डाव्या कानाशी आलं की," साइमी म्हणाली. "पाउली जन्मला त्याच्या आधीपासून. रागावू नकोस."

विल्होच्या तोंडाची चांगली बाजू थरथरली. हिल्माला वाटलं, झटकाच आला, ती धावली. पण तो हसत होता. मग त्यानं डावा पंजा उचलला, आडवा धरला आणि खाली दाबला.

त्यानंतर त्यानं टेबल बडवलं नाही. रेघाही ओढल्या नाहीत. नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात, किनाऱ्याला पहिलं बर्फ धरलं त्या सकाळी, तो गेला.

चर्च सरोवरापलीकडं. पाणी त्या वेळी होडीला वाट देत नव्हतं आणि पावलाचा भार घेत नव्हतं. विल्होला कोठीत ठेवावं लागलं, वाळलेल्या जाळ्यांच्या खाली, चार आठवडे. साइमी रोज सकाळी गाईची धार काढून झाली की तिथं उंबऱ्यावर थोडा वेळ बसायची, आत तोंड करून.

डिसेंबरात बर्फ घोड्याचा भार पेलू लागलं. कालेर्वोनं आपला घोडा आणि घसरगाडी आणली. पेटी मागच्या बाजूला बांधली, आणि साइमी पुढं बसली, पाठ चर्चकडं, तोंड पेटीकडं. पेटीच्या वर किनारा दिसत होता. धुराडं, कोठी, पाइन. बेट मागं पडलं. धुराडं पेटीच्या कडेवर आलं, पाइन छपराकडं सरकू लागला.

कालेर्वोनं लगाम ओढला. "साइमी, घोड्याला दम देऊ का? तुलाही जरा."

तो हे भल्या मनानं म्हणाला की किनारा न्याहाळून जागा हेरायला, ते तिला कधीच कळलं नाही. पाइन छपराला टेकला. तिला थांबायचं होतं. जगात दुसरं काही नको होतं तिला, फक्त तिथं एक श्वासभर थांबायला हवं होतं.

"नको. चल पुढं."

शालीच्या आत तिनं पंजा आडवा धरला आणि मांडीवर दाबला. गाडी आजोबांच्या दगडावरून पुढं गेली. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "आता दे दम." कालेर्वोनं घोडा थांबवला, टोपी काढली, आणि हळूच चारी दिशांना बघून घेतलं. पुढची तीन वर्षं ऑक्टोबरात त्यानं तिथं जाळं लावलं आणि दर वेळी कोरडं उचललं.

साइमी पुढं एकोणीस वर्षं मासळी धरत राहिली. ऑक्टोबरात तिच्या होडीच्या मागच्या टोकाला वल्हं उभं असायचं आणि त्यावर टोपी. गावातली माणसं हसत. "साइमी टोपीला फिरवायला नेते," म्हणत. तीही हसायची. "बोलत नाही बिचारी. पण टोपीखालचाही फार बोलत नव्हता." टोपीला कसर लागली तेव्हा तिनं दुसरी घेतली नाही, आतून अस्तर लावलं. हिल्मानं एकदा विचारलंही, की मला तरी सांग ती खूण, माझाही आजोबाच की तो. साइमीनं सांगितली, आडपडदा न ठेवता, अगदी कानासकट. हिल्मा ऐकून म्हणाली, "याला तर विल्हो लागतो." तिनं ती पुढं कुणाला सांगितली नाही. कुणाच्या कामाची नव्हती.

शेवटच्या हिवाळ्यात साइमीला गावातल्या वृद्धाश्रमात आणलं. तिथून पाणी दिसत नव्हतं. हिल्मा, स्वतः काठी टेकत, दर गुरुवारी यायची आणि खाटेच्या पायथ्याशी बसायची, लोकरीची टोपी न काढता, कारण तिथं खोल्या नीट तापवत नसत. त्या गुरुवारी अंधारून आलं, बसची वेळ झाली, म्हणून ती उठायला लागली. साइमीचे हात गोधडीवर होते, मुठी अर्धवट मिटलेल्या, वल्ही धरल्यासारख्या. तिनं डोळे उघडले.

"बस गं खाली, हिल्मा. समोर कुणी नसलं की मी कुठवर आलेय तेच मला कळत नाही."