हाकबाईचा शब्द

बाईंनी मुलींची शाळा काढली खरी, पण मुलींना घरातून आणायचं कोणी? त्या कामाला एक विधवा म्हातारी ठेवली. सकाळी दारोदार हाका मारत फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं हाकबाई. आवाज असा, की गल्लीतलं झोपलेलं कुत्रंही पाटी घेऊन निघावं.

एकेका आईला तिनं पटवलं होतं. "अगं, परका पुरुष पोरीकडे ढुंकूनही बघणार नाही. माझा शब्द! मोडला तर तोंडावर दार लाव माझ्या."

हाकबाईची आई गमावलेली नातही तिथंच शिकायची. शाळा चालू आहे तोवर लग्न लागलेल्या पोरीला सासरी धाडणार नाही, एवढं तिच्या बापानं, हाकबाईच्या जावयानं, कबूल केलं होतं.

मग सरकारचा गोरा तपासनीस आला. शाळेला मदत द्यायची की नाही, हे तो ठरवणार. हाकबाईनं खोलीत आडवा पडदा बांधला. मुली पलीकडे, साहेब नि त्याचा दुभाषी अलीकडे.

पडद्यामागून एकीनं वाचलं, मग दुसरीनं, मग नातीनं खणखणीत. साहेब पुटपुटला. दुभाष्यानं त्याच्यासारखंच नाक वर केलं. "साहेब म्हणतात, एकच कार्टी आवाज बदलून वाचत नाही कशावरून?"

"इतकी हुशार पोर असती," हाकबाई म्हणाली, "तर तिच्या एकटीसाठी शाळा काढली असती की!"

दुभाषी हसला, पण साहेबाला काही सांगितलं नाही. "पडदा काढा. नाहीतर मुली नाहीत असं लिहू."

"मावशी, सोडा तो," बाई रडकुंडीला आल्या.

"आणि माझा शब्द?"

"शाळाच गेली तर कुणासाठी पाळणार?"

हाकबाईनं गाठ सोडली. मुलींनी पाट्यांमागे तोंडं लपवली. साहेबानं मेंढरं मोजावीत तशी बोटानं मोजली आणि मंजुरी दिली.

दुसऱ्या सकाळी एकही दार उघडेना.

"तिला ताप आलाय," एकीकडे आतून उत्तर आलं.

"आमचीलाही," शेजारून.

"साथ आली की काय गं?"

"हो, साहेबाची!"

शेवटच्या दारामागून मुलगीच बोलली, "आई सांगते, मी घरी नाही."

"बरं," हाकबाई दाराला टेकून म्हणाली. "आलीस की ये हं."

मंजूर झालेल्या शाळेत नात एकटीच बसायची. बाईंनी पुष्कळ वाट पाहिली, घरोघरी पाया पडून आल्या, आणि शेवटी खोली मालकाला परत दिली.

बातमी जावयाला लागलीच. पोरीला सासरी पोचवायला गाडी घेऊनच आला. नातीनं पुस्तक गाठोड्यात कोंबलं, ते त्यानं बाहेर काढून हाकबाईच्या हातात दिलं.

"राहू द्या इथंच, सासूबाई. तिथं चुलीत जाईल."

वाईट मनानं नव्हता बोलला तो. खरंच गेलं असतं.