पोटुशी बाईने क्रेट उचलू नये

माझे आयुष्य न्यायालयातल्या कारकुनीत गेले. निवृत्तीनंतर पिंपरी पेंढारच्या शेतात टोमॅटो लावतो आणि ज्या कचेरीला झोप लागली असेल तिला पत्रे लिहितो. कार्यालयात नोकरी करणाऱ्या गर्भवतीला कायद्याने रजा आहे. भरलेले क्रेट डोक्यावरून बांधापर्यंत वाहणारीला कोणी विचारत नाही. याविषयी मी वरपर्यंत लिहिले. उत्तर आले, आपले पत्र पुढे पाठवले आहे.

म्हणून गेल्या हंगामात मी माझ्या शेतापुरता कायदा केला. तोडणीला घाटघरकडून टोळी येते. तिच्या मुकादमाला लेखी बजावले : माझ्या शेतात पोटुशी बाईने क्रेट उचलू नये, उचलल्यास जबाबदारी तुमची. सही, तारीख, पोहोच. मजकुरात कोठे फट राहिली नाही, असे मला वाटले.

टोळीत काम जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक जोडी; बायकोला वाहणे जमत नसेल तर नवराही घरी. हे मला पक्के ठाऊक होते. तरीही, अशा बाईला बसून माल निवडायचे काम द्यावे आणि जोडी मोडू नये, एवढे एक वाक्य मी लिहिले नाही.

पहिल्याच आठवड्यात विशीतली एक मुलगी कमरेतून वाकून क्रेट उचलताना दिसली. मी तिला थांबवले. गुडघ्यांत वाक, क्रेट अंगालगत धर, वजन हातात असताना कंबर पिळू नकोस, अर्धाच भर, असे आरोग्य केंद्रातल्या पत्रकात वाचलेले सारे सांगितले.

"आन् पोटुशीनं?" तिने विचारले.

"तिने उचलूच नये."

"मंग मला कशाला शिकवताय, आजोबा?"

"आजोबा, आमच्या सासवांची शाळा घ्या आधी!" सरीतून दुसरी ओरडली. बाया खदखदल्या. तीही हसली. पदर तिने पोटावरून घट्ट खोचला होता. सातवा महिना होता, आणि तो मला दिसला नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी तिला रक्त जाऊ लागले. कोणाला कळू नये म्हणून तिने आणखी दोन फेऱ्या केल्या आणि मग पिकअपच्या चाकाशी बसली. त्याच पिकअपमधून तिला रुग्णालयात नेले. मूल मेलेलेच जन्मले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अमुक एकच कारण असे लिहून देता येणार नाही. पण रक्त दिसताक्षणी आणायला हवी होती.

बाहेर मुकादम उभा होता. मी त्याला जे बोललो ते लिहिण्याजोगे नाही.

"तात्या, माझ्यावर का तापता? तुमचा कागुद मीच समद्यांना वाचून दावला. पोटुशी असंल तिची जोडी घ्यायची न्हाई, म्हनलं. दोन जोड्या माघारी धाडल्या. हिनं सांगितलंच न्हाई, तर मी काय करू?"

त्याने माझ्या आदेशाचे अक्षरशः पालन केले होते.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा माझ्या ओट्यापाशी आला. बस म्हटले तरी बसला नाही. ती बरी होईपर्यंत दोघांची मजुरी चालू राहील, हे सांगायला मी तोंड उघडणार, तोच तो घाईने म्हणाला, "आजोबा, मुकादमाला येवढं सांगा. आमची जोडी काढू नका. तिला फकस्त चार रोज द्या. आता ती पोटुशी न्हाई."