तांदळाच्या कोठीतला लॅपटॉप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. भावाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरचे नाही, म्हणूनच असेल. मध्येच अडखळलो तर जरा थांबा. हे एका दमात सांगायला मला जमणार नाही.

मी गोंदियातल्या एका राइस मिलच्या ऑफिसात बिलं टाइप करायचो, राहायला कुडव्याला. थोरला भाऊ गावी, दवनीवाड्याला, धानाची शेती करायचा. कॉम्प्युटरचं माझं ज्ञान म्हणाल तर बिल काढायचं आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढायचा, एवढंच. पण गावात माझा मान काय वर्णावा! कुणाचा मोबाइल बंद पडला तरी तो माझ्यासमोर येई, आणि मीही तो कानाला लावून डॉक्टरासारखी मान हलवत असे.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. भावाची मुलगी प्रीती कॉलेजात गेली, आमच्या घरातली पहिलीच. तिला लहानसा, झेपेल अशा किमतीचा लॅपटॉप हवा होता. निवडायचा कुणी? अर्थात मी. दसऱ्याला घेऊन येतो, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो. आमच्याकडे दसऱ्याला विळे, कुदळ, नांगराचा फाळ धुऊन ओळीने मांडतात आणि त्यांची पूजा करतात. त्या ओळीत लॅपटॉप ठेवायचा, हे माझ्याच डोक्यातून निघालं होतं.

दुकानात वहीएवढा एकच शिल्लक होता, काचेमागे मांडलेला. कित्येक महिने तो तसाच प्लगला लावून चालू ठेवलेला. दुकानदार भला माणूस. त्याने तो उलटा करून दाखवला — ‘भैया, इसकी बैटरी फूल गई है. आठ दिन रुको, नई मंगवा देता हूँ. तब तक इसको चार्ज मत करना.’

त्याने सांगितलं होतं. स्वच्छ सांगितलं होतं. आणि दसरा दुसऱ्या दिवशी होता.

मी म्हणालो, बॅटरी नंतर बदलून नेतो. खोकं घेतलं आणि निघालो. दसऱ्याला वहिनीने फाळाशेजारी ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. भाऊ शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होता. त्या गर्दीत फुगलेल्या बॅटरीचं काय सांगू? चार्ज करू नका म्हणावं, तर भारनियमनात बॅटरीशिवाय तो चालणार कसा? मग आणला कशाला, असं कुणी विचारलं असतं तर? मी आपट्याची पानं वाटायला लागलो. आठ दिवसांनी दुकानात गेलो का? नाही. रोज त्याच रस्त्याने मिलमध्ये जायचो, तरी नाही. तिथे थांबलो की आपण काय केलंय ते आठवायचं. म्हणून मी मान वळवून पुढे जायचो.

वहिनी त्या यंत्राला फार जपायची. उंदीर वायर कुरतडतील, ओल लागेल म्हणून काम झालं की ती तो कपड्यात गुंडाळून तांदळाच्या कोठीत ठेवायची. आमच्या घरात जपायच्या वस्तू तिथेच राहतात, दागिन्यांची पेटी आणि जमिनीचे कागदसुद्धा. मी गेलो की प्रीती तो बाहेर काढून माझ्यापुढे ठेवायची. टेबलावर तो सपाट बसत नसे, डुगडुगायचा. तिने एका कोपऱ्याखाली कागदाची घडी सारली होती. पुढच्या खेपेला ती घडी जाड झालेली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी जाड.

‘काका, हा काऊन एवढा गरम होऊन राहिला?’ तिने एकदा विचारलं.

‘होतच असते त्यात,’ मी म्हणालो. आणि चहा प्यायलो.

धानाच्या रोवणीचे दिवस आले. दुपारी वीज आली तेव्हा प्रीतीने खाटेवरच तो चार्जिंगला लावला आणि त्याच्या शेजारी तिचा डोळा लागला. वहिनी शेतात, बांधीत रोवणाऱ्या बायांसाठी भात न्यायला घरी आली होती. आधी वास आला, मग फुस्स असा आवाज, असं ती सांगते. गोधडी पेटली होती आणि पोरीची वेणी तिथून हातभरही लांब नव्हती. वहिनीने तो पेटता लॅपटॉप उजव्या हाताने उचलला आणि अंगणात फेकला. फेकेपर्यंत सोडला नाही.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या हाताला पट्टी बांधत होते. मला पाहताच ती रडायला लागली. मला वाटलं, कळलं हिला. पण ती म्हणाली, ‘तांदरात ठेवत होती म्हून असा झाला का जी भाऊजी? तुमी एवढ्या हौसेनं आणला, न् मी जाळला.’

भाऊ माझ्याकडे बघत होता. प्रीती बघत होती. घरातला जाणता माणूस मी.

‘कोंडा गेला असंल आत,’ मी म्हणालो.

एवढंच. सगळं बळ लावूनही मला याच्यापुढे बोलता आलं नाही — नाही, हेही खोटं. बळ लावलंच नाही. मला हायसं वाटलं होतं.

वहिनीची दोन बोटं आखडली ती आखडलीच. गावात सगळ्यात भराभर रोवणारी बाई ती. आता डाव्या हाताने रोपं खोचते आणि ओळीत मागे पडते. बाया हसतात, तीही हसते आणि आपल्या अडाणीपणाची गोष्ट स्वतःच सांगते. दर वर्षी.

परवा प्रीती माहेरी आली होती. तिच्या नवऱ्याचा मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला. तांदळात ठेवा, सगळे तसंच करतात, असं म्हणत त्याने तो कोठीत खुपसलाही. वहिनी चुलीपाशी होती. ती धावत आली, आखडलेल्या हाताने तांदूळ उपसून मोबाइल बाहेर काढला आणि तो हात त्याच्यापुढे धरला. ‘तांदरात ठेवला म्हून त जळला हा,’ ती म्हणाली. जावई गोंधळला. तांदळाने काय होतं, असं त्याने मला विचारलं. घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊ, प्रीती. वहिनीही.

मी म्हणालो, ‘वहिनी बरोबर सांगून राहिली.’