ग्रँट अडवणारे दिपोटी

आमच्या भागातले दिपोटी कुठल्याही शाळेत पाणी पीत नसत. भाईंदर स्टेशनपासून नवघरपर्यंत ते उन्हातून चालत येत, हातात स्वतःचा फिरकीचा तांब्या. कुणी शहाळं पुढे केलं तर म्हणत, "सरकारने शाळा बघायला पाठवलंय. पाहुणचार राहू द्या." शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तेव्हा दिपोटी म्हणत. त्यांच्या शेऱ्यावर शाळेची सरकारी ग्रँट ठरे आणि ग्रँटवर आमचे पगार.

मी तेव्हा नवघरच्या खासगी शाळेत नवाच मास्तर होतो. मिठागरावर राबणाऱ्या अस्पृश्य मजुरांची मुलं पडवीत बसत आणि खिडकीतून ऐकत. दिपोटी आले, ते वर्गात न शिरता पडवीतच थांबले.

"ही बाहेर का?"

"गावची रीत आहे," हेडमास्तर हळूच म्हणाले.

"ग्रँट सगळ्या मुलांसाठी येते, हेडमास्तर. काहींना बाहेर ठेवलंत तर येणार नाही."

ती खरंच थांबली. पगार बंद झाले. हेडमास्तरांनी बायकामुलांना सासुरवाडीला धाडलं. मी एका घरी शिकवणी करून दोन वेळ जेवत होतो. दिपोट्यांना सगळ्यात जास्त शिव्या आम्हीच दिल्या असतील. शेवटी गावचे पंच ठाण्याला त्यांना भेटायला गेले, बरोबर मीही.

"पोरं शिकतात न्हाय का बाहेर बसून?" पंच म्हणाले.

"मग तुमची बाहेर बसवा, यांची आत. तीही शिकतील."

पंच उठून आले.

दिवाळीनंतर हेडमास्तर शाळा सोडायला निघाले, तेव्हा पंच नमले. एका सकाळी ती मुलं आत आली आणि दाराशी बसली. गावातल्या काहींनी आपली मुलं काढून घेतली, ती होळीपर्यंत एकेक करून परत आली. दिपोटी पुन्हा आले, ग्रँट सुरू करण्याचा शेरा लिहिला, कौतुक मात्र केलं नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, या मुलांच्या आणि बाकीच्यांच्या बसकरांमध्ये एवढी फट सोडलीत. पुढच्या खेपेला दिसता कामा नये."

त्यांची पुढची खेप झालीच नाही. त्यांची बदली झाली. निरोपाला गावातून कुणी गेलं नाही. मीही नाही. फट मात्र मी बुजवली.

पडवीतला एक मोठा मुलगा पुढे मिठागरावर कामाला लागला. त्याचा धाकटा भाऊ नंतर शाळेत आला, फायनल पास झाला, सरकारी स्कॉलरशिपवर ट्रेनिंग कॉलेजात शिकला आणि स्वातंत्र्याच्या आधी आमच्याच शाळेत मास्तर म्हणून आला. दिपोटी वारल्याचं कळलं, तेव्हा मी सगळ्यात आधी त्यालाच सांगायला गेलो. तो वर्गात फळा पुसत होता.

"कोण दिपोटी?" त्याने विचारलं. मी पडवीची सगळी हकीकत सांगितली.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा कधी बोलला न्हाय. मला वाटायचं, सगळे पहिल्यापासून आतच बसायचे."