प्लग की राग

प्रकाशा गावच्या पुलावर गचके खाणारी आमची गाडी शहाद्याच्या त्या मेकॅनिकपुढे उभी केली की शहाण्यासारखी चालायची. सासुरवाडीच्या लग्नाला निघायचं होतं, आणि हा बोनेटसुद्धा उघडेना. डोळे मिटून, एक कान पुढे करून म्हणाला, "दादा, तोंडघाई आवाज काढी दखाडा."

मी चारचौघांत तोंडाने घुर्र-फट्ट केलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि कान माझ्या बायकोकडे वळवला. तिने जरा लाजत, मधेच एक ठोका गाळून आवाज काढला.

"ताईना आवाजमा प्लग शे," तो म्हणाला. "दादाना आवाजमा नुसता राग शे."

प्लग बदलला, गाडी सुधारली. हल्ली मी घरात आवाज चढवला की बायको डोळे मिटते आणि एक कान पुढे करते.