आप्पांची घुंगरं आणि माझा स्नो ब्लोअर

सिंगापूरमध्ये मी बर्फ हटवायचं काम करते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. पण ते खरं आहे. इथे एक बर्फघर आहे. बाहेर घामानं कपडे अंगाला चिकटलेले असतात आणि आत, मोठ्या थंड हॉलमध्ये, यंत्रानं पाडलेला बर्फ असतो. मुलं उतारावरून घसरतात, त्यांचे आईवडील फोटो काढतात. कॉलेज सांभाळून विद्यार्थ्यांना जेवढे तास काम करू देतात, तेवढे तास मी तिथे असते. एक गट बाहेर गेला आणि दुसरा यायचा असला, की उताराच्या पायथ्याशी साठलेला बर्फ स्नो ब्लोअरनं उचलून बाजूला फेकायचा. पुढची पोलादी पाती बर्फ आत ओढतात, आतलं चाक तो वरच्या नळकांड्यातून लांब भिरकावतं. बंद जागेत पेट्रोलचं यंत्र चालवलं तर धूर कोंडून जीव जाऊ शकतो, म्हणून आमचं यंत्र बॅटरीवरचं आहे.

मला ते यंत्र पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटलं. कारण आमची रसवंती.

तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर आप्पांचं उसाच्या रसाचं दुकान आहे. आप्पा म्हणजे माझे वडील. तिथेही एका बाजूनं घालायचं, फिरत्या लाटांनी, म्हणजे लोखंडी रुळांनी, ओढून घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायचं. चाकाला घुंगरं बांधलेली, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला दुकान चालू आहे हे कळतं. ऊस अडकला की आप्पा मागून हात घालून चिपाड ओढतात. मशीन चालूच. घुंगरं जरा अडखळतात, पुन्हा वाजू लागतात. मीही लहानपणापासून तसंच ओढत आले. चिपाड अडकलं की हात पुढे जाणारच, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून एके दिवशी ओला बर्फ नळकांड्यात घट्ट बसला, तेव्हा मी हँडल सोडलं, तशी पाती थांबली, आणि मी सरळ हात घातला.

"हात! हात बाहेर!" आमच्या सुपरवायझर बाई हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओरडल्या. मी हात मागे घेतला. त्या धावत आल्या, आधी माझी बोटं बघितली, मग बॅटरी काढून खिशात टाकली.

"आता हे मशीन मेलेलं आहे," त्या इथल्या, वाक्याला 'लाह' जोडायच्या इंग्रजीत म्हणाल्या. "मघाशी ते फक्त झोपलं होतं. आणि मेलेलं असलं तरी हात नाही, लाह. अडकलेल्या चाकात जोर उरलेला असू शकतो. बर्फ सुटला की ते एकदा हिसका देतं. एकदाच पुरतं."

मग त्यांनी यंत्राच्या बाजूला अडकवलेली पिवळी काठी काढून माझ्या हातात दिली. ती तिथे असते हे मला माहीत होतं. ती कशासाठी असते, हेही शिकवलेलं होतं. तरी माझा हात तिच्याकडे गेला नव्हता.

त्या दिवशी मी यंत्र नेहमीपेक्षा सावकाश आवरलं. पात्यांमधला बर्फ ब्रशनं काढला, धातू कोरडा पुसला, बोल्ट तपासले. पात्यांना जे खास मऊ बोल्ट असतात, ते जोर आला की आधी तुटतात आणि आतले गिअर वाचतात. त्यांच्या जागी साधा कडक बोल्ट बसवायचा नाही. ते पुसताना मला आप्पांचा उजवा हात आठवला. एका बोटाला नख नाही. "मशीननं पप्पी घेतली," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. लाटांपुढची जाळी त्यांनी कधीच काढून ठेवली आहे, धुवायला वेळ लागतो म्हणून.

सेंगकांग भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आल्यावर मी त्यांना फोन केला आणि घडलेलं सगळं सांगितलं.

"तुला लागलं का?"

"नाही. पण आप्पा, तुम्ही मशीन बंद करून काढत जा ना. काठीनं. आणि जाळी बसवा."

"गिऱ्हाईक उभं ठेवून काठी शोधत बसू? अगं, ऊस आहे तो."

"हात तुमचाच आहे ना पण."

"बर्फ आम्ही गिलासात टाकतो. तुम्ही तिथं मशीननं फेकता. आणि शहाणपण आम्हाला सांगता!" ते हसले. मी हसले नाही. "आप्पा, मी खरंच सांगतेय," मी म्हणाले, आणि माझा आवाज जरा चढला असावा. "तू तिकडं शिकायला गेलीस का मला शिकवायला?" असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आप्पांना दुखवायचं नव्हतं मला. पण त्यांचा हात त्या लाटांत जाताना मला आता दिसत होता, आणि तो दिसायचा थांबत नव्हता.

पुढे काही दिवस त्यांचा फोन आला नाही. एरवी मी ब्रेकमध्ये बाहेर आले की त्यांची दुपारची वेळ असायची, आणि ते दुकानातूनच फोन लावायचे. आता बाहेरच्या दमट हवेत चष्म्यावर धुकं धरायचं, मी तो पुसायचे आणि फोनकडे बघायचे. आत लोक मला त्यांचा फोटो काढायला सांगायचे. मी काढायचे. वर्गातल्या मुलांशी माझं बोलणं प्रोजेक्टपुरतं होतं, आणि घरमालकीण बाई भेटल्या की जेवलीस का एवढं विचारायच्या. दिवसभरात मराठी शब्द तोंडातून निघायचा तो त्या एका फोनवर. तो मीच घालवला की काय, असं वाटायचं. तरीही सांगितलं ते मागे घ्यावंसं वाटत नव्हतं.

शेवटी मी यंत्राला अडकवलेल्या पिवळ्या काठीचा फोटो पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही.

उत्तर आलं नाही. आईनं मात्र फोनवर सांगितलं, "चहावाल्याला दाखवत होते फोटो. पोरगी बर्फाचं मशीन चालवते म्हणून."

"आणि काठीचं?"

"काठीचं काय?" तिला काही माहीत नव्हतं.

मग एका दुपारी, मी जॅकेट काढून बाहेरच्या बाकावर बसले होते तेव्हा फोन वाजला. आप्पा. मागे घुंगरं जोरात वाजत होती.

"जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"उन्हाळा लागलाय, गर्दी आहे. आईला म्हटलं... थांब, अडकलं बघ."

मी फोन कानाशी घट्ट धरला. घुंगरं अडखळली. मग थांबली. पूर्ण थांबली. एसटीचा हॉर्न ऐकू आला, कुणीतरी "चला की मामा, गाडी सुटंल" म्हणालं, आणि आप्पा म्हणाले, "दम धर जरा." लाकूड लोखंडावर घासल्यासारखा आवाज आला.

मग घुंगरं पुन्हा सुरू झाली.

"हां, बोल," आप्पा म्हणाले. "गप का झालीस?"

"काही नाही," मी म्हणाले. "ऐकत होते."